स्कॉटलंडमधली पहिली मॅच गावात जाऊन बघा: ऑखिनलेक टॅलबटच्या मैदानाची वाट

ग्लासगोत नोकरीला किंवा शिकायला आलेल्या मराठी माणसाला पहिल्या महिनाभरात कुणीतरी विचारतंच, "सेल्टिक की रेंजर्स?" हे ग्लासगोचे दोन मोठे, एकमेकांचे कट्टर विरोधक फुटबॉल क्लब. प्रश्न दिसतो तेवढा साधा नसतो. तुमच्या उत्तरावरून समोरचा तुमचा पंथ, राजकारण, मित्रमंडळी असं बरंच काही ताडत बसतो. मी पहिली दोन वर्षं "मी क्रिकेटवाली" म्हणून सुटका करून घेतली. मग ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं, ती मूळची ग्लासगोच्या दक्षिणेकडच्या एअरशर भागातली, एका शनिवारी मला तिच्या वडिलांच्या क्लबाच्या मॅचला ओढून नेलं. ऑखिनलेक नावाचं जुन्या कोळसा खाणींचं गाव, क्लबाचं नाव ऑखिनलेक टॅलबट, मैदान बीचवुड पार्क. तिथून परतल्यावर मोठ्या स्टेडियमचं तिकीट काढायची हौस माझी मला फिटल्यासारखी झाली.

त्यानंतर बऱ्याच जणांना मी तिकडे धाडलं. सगळ्यांचे प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी ‘ज्युनिअर’चा घोळ सोडवा

क्लबाच्या किंवा कपाच्या नावात ‘ज्युनिअर’ दिसलं की आपल्याला शाळेतली पोरं वाटतात. प्रत्यक्षात मैदानात उतरतात ते पंचविशी-तिशीतले दाढीवाले गडी, आठवडाभर वायरिंग नाहीतर सुतारकाम करून शनिवारी बूट बांधणारे. स्कॉटिश ज्युनिअर फुटबॉल असोसिएशन १८८६ साली निघाली, तेव्हापासून हा शब्द वयाशी संबंधित नाहीच. वरच्या ‘सीनियर’ लीगमध्ये नसलेले क्लब ते ज्युनिअर, एवढाच अर्थ.

आणि लहान म्हणजे लिंबूटिंबू असं समजू नका. १९५१ साली पीटर्सहिल आणि अर्विन मेडो यांच्यातला ज्युनिअर कपाचा अंतिम सामना बघायला ग्लासगोच्या हॅम्पडेन स्टेडियमवर ७७,६५० माणसं जमली होती. त्याच कपावर टॅलबटनं २०२२ पर्यंत १४ वेळा नाव कोरलंय, इतर कुणाहीपेक्षा जास्त. १९८६, ८७, ८८ असे तीन लागोपाठ, आणि २००६ ते २०२२ या काळात तर आठ.

आजची रचना थोडक्यात अशी. वरच्या चार विभागांत मिळून ४२ क्लब, ती एसपीएफएल, म्हणजे स्कॉटलंडची व्यावसायिक लीग. त्याखाली पाचव्या पायरीवर लोलँड आणि हायलँड लीग. पश्चिमेकडचे ज्युनिअर क्लब २०२० मध्ये नव्या वेस्ट ऑफ स्कॉटलंड फुटबॉल लीगमध्ये आले, ती सहाव्या पायरीपासून खाली पसरते. म्हणजे गावातला हा क्लब आता त्याच शिडीवर उभा आहे ज्या शिडीच्या टोकाला सेल्टिक आहे. अंतर प्रचंड, पण शिडी एकच. कधीकधी खालचा वरच्याचा पाय ओढतो. जानेवारी २०१९ मध्ये, लहान-मोठे क्लब एकत्र खेळतात त्या स्कॉटिश कपात टॅलबटनं याच बीचवुड पार्कवर एअर युनायटेडला १-० हरवलं. एअर तेव्हा दुसऱ्या विभागात खेळत होता. पुढच्या फेरीत एडिनबर्गच्या हार्ट्स क्लबानं आपल्या मैदानावर टॅलबटचा ४-० असा हिशोब चुकता केला, ते सोडा. आणि याच लीगमधल्या, याच जिल्ह्यातल्या डार्वेल नावाच्या गावानं जानेवारी २०२३ मध्ये चक्क सगळ्यात वरच्या विभागातल्या ॲबरडीनला १-० असं घरी पाठवलं. पेनिसिलिनवाले फ्लेमिंग डार्वेलजवळच्या शेतावर जन्मले, पण आता गावात आधी त्या गोलाची गोष्ट सांगतात.

एवढं डोक्यात ठेवून गेलात की कुणी "ज्युनिअर" म्हणालं तरी तुम्ही हसणार नाही. पहिली परीक्षा पास.

मॅच निवडताना

हंगाम जुलैअखेर ते मे. बहुतेक सामने शनिवारी, आणि या लीगमध्ये दुपारी २ला सुरू होतात. ३ वाजता पोचलात तर अर्धी मॅच गेली. माझ्या एका पुणेकर मित्राचं हे झालंय, टीव्हीवर बघून त्याला ‘शनिवार म्हणजे ३’ पाठ होतं. कपाच्या मॅचची वेळ वेगळी असू शकते, म्हणून दर वेळी क्लबाच्या पानावर बघूनच निघा.

पहिल्यांदा जाणाऱ्यानं ऑगस्ट, सप्टेंबर किंवा एप्रिल धरावा. डिसेंबरात इथे पावणेचारला सूर्य मावळतो आणि दोन तास एका जागी उभं राहून पायाची बोटं आहेत की नाहीत ते कळेनासं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. शनिवारी सकाळी, घरातून निघायच्या आधी, मॅच होणार आहे ना ते बघा. गवताचं मैदान, खाली निचरा जेमतेम, वर एअरशरचा पाऊस. सकाळी पंच येऊन मैदानावर फिरतात, चेंडू टाकून बघतात, टाच रोवून बघतात. पाणी साचलं असेल किंवा जमीन गोठली असेल तर मॅच रद्द. याला ‘पिच इन्स्पेक्शन’ म्हणतात आणि हिवाळ्यात हा शब्द तुम्हाला ‘आज पाणी येणार नाही’ इतका ओळखीचा होईल. क्लब लगेच सोशल मीडियावर टाकतात.

मी हे न बघता एकदा एका गावी गेले होते. गावाचं नाव सांगत नाही, चूक माझीच. दीड तासाचा प्रवास, हातात डबा, आणि मैदानाच्या फाटकाला कुलूप. आत गोलपोस्टसमोर तळं, तळ्यात दोन सीगल. कुत्रं फिरवणाऱ्या एका आजोबांनी माझ्याकडे, मग तळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पोरी, आज पोहायची मॅच आहे." परतीची बस तासाभरानं होती. डबा बसस्टॉपवर खाल्ला.

नाव कसं उच्चारायचं आणि तिथे कसं पोचायचं

‘ऑखिनलेक’मधला ख आपल्या खडूतला नाही, घशातून खाकरून काढायचा, उर्दूत ‘ख़त’ म्हणताना निघतो तसा. इंग्रज माणसाची इथे दातखीळ बसते. आपल्याला जमतं, आणि तिकीट तपासनिसाला ते नीट म्हणून दाखवलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

ग्लासगो सेंट्रलवरून किलमारनॉकमार्गे डम्फ्रीज-कार्लाइलकडे जाणारी गाडी पकडायची. साधारण तासाभराचा प्रवास, किलमारनॉकपासून वीसेक मिनिटं. या मार्गावर गाड्या विरळ आहेत, दोन गाड्यांच्या मध्ये कधी दोन-दोन तास जातात. म्हणून जायची गाडी बघायच्या आधी परतीची बघा. मॅच पावणेचार-चारच्या सुमाराला संपते. त्यानंतरची पहिली आणि तिच्या पुढची, दोन्ही वेळा फोनमध्ये लिहून ठेवा. नशीब म्हणायचं की स्टेशन तरी आहे. १९६५ साली बंद केलेलं ते १९८४ मध्ये पुन्हा उघडलं. जोडीची कित्येक गावं अजून रुळांशेजारी राहून बसची वाट बघतात.

स्टेशनवरून मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नकाशा बघायची गरज क्वचितच पडते. काळा-सोनेरी मफलर घातलेला कुणीही दिसला की त्याच्या मागे लागा.

वेळ हाताशी असेल तर गाव जरा बघून घ्या. पश्चिमेला बॅरनी खाणीचा लोखंडी सांगाडा उभा आहे, इंग्रजी ए अक्षरासारखा. खाण १९८९ मध्ये बंद पडली, सांगाडा जपून ठेवलाय. या भागातले क्लब समजायचे असतील तर आधी तो बघावा. खाणीतली माणसं आठवडाभर जमिनीखाली, शनिवारी दुपारी मैदानावर. खाण गेली, मैदान राहिलं.

आणि क्लबाच्या नावातला ‘टॅलबट’? त्याची गोष्ट मला फार आवडते. इंग्रजी शब्दकोशकार सॅम्युएल जॉन्सनचं चरित्र लिहिणारा जेम्स बॉझवेल या गावच्या जमीनदार घराण्यातला. ऑखिनलेक हाउस हा त्याच्या वडिलांनी बांधलेला वाडा, १७७३ मध्ये जॉन्सन तिथे पाहुणा आला आणि यजमानांशी कडाक्याचा वाद घालून गेला. पुढे घराण्यातली एमिली बॉझवेल आयर्लंडच्या टॅलबट दि मॅलहाइड घराण्यात लग्न होऊन गेली. बॉझवेलची हस्तलिखितं त्या नात्यानं मॅलहाइडच्या किल्ल्यात पोचली आणि १९२०च्या दशकात तिथे सापडल्यावर साहित्याच्या अभ्यासकांमध्ये खळबळ उडाली. त्याच नात्यानं इथली जमीन लॉर्ड टॅलबटकडे आली, त्यांनी मैदानाला जागा दिली आणि १९०९ मध्ये निघालेल्या क्लबानं त्यांचं नाव लावलं. एका लग्नातून विद्यापीठांना बॉझवेलचे कागद मिळाले आणि खाणकामगारांना फुटबॉल टीम. मैदानावर कुणाला हे सांगायला जाऊ नका, ते म्हणतील माहितीये, आता पुढे सरक, दिसत नाहीये.

फाटकावर

टर्नस्टाइल म्हणजे एकेका माणसाला आत घेणारं लोखंडी फिरतं फाटक. शेजारच्या खिडकीत बहुधा क्लबाचाच कुणी स्वयंसेवक बसलेला असतो. तिकीट आठ-दहा पौंडांच्या आसपास, विद्यार्थ्यांना आणि ज्येष्ठांना कमी. आधी ऑनलाइन काढायची गरज सहसा पडत नाही. रोख पैसे ठेवा. कार्ड चालतं म्हणतात, पण मशीनला त्या दिवशी सिग्नल असेलच असं नाही, आणि तुमच्यामागे वीस माणसं पावसात उभी असतात. स्कॉटलंडमध्ये तीन बँका आपापल्या नोटा छापतात, तेव्हा सुट्टे घेताना दिसायला तीन वेगळ्या नोटा हातात आल्या तर फसवलं असं समजू नका.

लहान मुलांना बहुतेक ठिकाणी फुकट सोडतात. जुन्या काळी बाप पोराला उचलून टर्नस्टाइलवरून पलीकडे टाकायचा आणि ज्याला बाप सोबत नसायचा तो पोरगा रांगेतल्या कुठल्याही अनोळखी माणसाला म्हणायचा, "काका, मला उचलून टाका ना." ‘लिफ्ट-ओव्हर’ हा शब्द त्यातून आलाय. आजही सत्तरीतले आजोबा ही गोष्ट सांगताना हात हवेत उचलून दाखवतात.

आत शिरल्या शिरल्या कुणीतरी तिकिटांचं भेंडोळं घेऊन समोर येईल: ‘फिफ्टी-फिफ्टी’. जमलेल्या पैशांतले निम्मे जिंकणाऱ्याला, निम्मे क्लबाला. घ्या. एक-दोन पौंडांत तुम्ही प्रेक्षकाचे वर्गणीदार होता. आपल्याकडे मंडळाची पावती फाडल्यावर पोरं जशी ओळख दाखवायला लागतात, अगदी तसंच.

सेल्टिकचा हिरवा-पांढरा किंवा रेंजर्सचा निळा शर्ट घालून जाऊ नका. कुणी मारणार नाही, पण ज्या वादापासून पळून तुम्ही इथवर आलात तोच वाद गळ्यात घालून कशाला फिरायचं? साधा वॉटरप्रूफ कोट, आत दोन थर, टोपी, जाड मोजे आणि चिखल चालेल असे बूट. छत्री नको. वारा ती उलटी करतो आणि मागचा माणूस तुम्हाला.

कुठे उभं राहायचं

इथे जरा सावकाश लिहिते, कारण छोट्या मैदानाची सगळी गंमत या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

तुमच्या तिकिटावर जागेचा नंबर नसतो. एका अंगाला छपराखाली उभं राहायची सोय, बाकी उघड्या पायऱ्या आणि गवताचे उतार. खेळाडू आणि तुम्ही यांच्यामध्ये कंबरेएवढा कठडा, बस्स. पाऊस असेल तर छपराखालची जागा गच्च भरते आणि तिथल्या जागा ठरलेल्या असतात, कुठे लिहिलेलं नसलं तरी. माझ्या पहिल्या मॅचला मी एका खांबापाशी टेकून उभी राहिले. दोन मिनिटांत एक गृहस्थ येऊन शेजारी उभे राहिले, घसा खाकरला, खांबाकडे बघितलं. मैत्रिणीनं मला हळूच बाजूला ओढलं. ते तिथे १९७०च्या दशकापासून टेकत आलेत म्हणे. आता मी गेले की ते मान हलवतात आणि मी खांब सोडून उभी राहते.

नवख्यानं पहिली पंधरा मिनिटं गोलच्या मागे उभं राहावं. टीव्हीवर गोलकीपर बहुतेक वेळ रिकामा उभा असल्यासारखा दिसतो. इथे कळतं की तो नव्वद मिनिटं बोलत असतो. "लेफ्ट खांदा! लेफ्ट खांदा! टाइम आहे! सोड! सोड म्हटलं ना!" बचाव करणाऱ्याच्या पाठीमागे काय चाललंय ते फक्त गोलकीपरला दिसतं, आणि ती सगळी आकाशवाणी तुमच्या कानापासून चार हातांवर चालू असते. मग कॉर्नरकडे सरका. कॉर्नर किक घेणारा खेळाडू कठड्यापासून एवढा जवळ येतो की त्याला मागे पळायला जागा नसते, तो तुमच्याकडे बघतो, तुम्ही एक पाऊल मागे होता, तो "थँक्स, हेन" म्हणतो आणि चेंडू उचलतो. चामड्यावर पाय लागल्याचा आवाज इतका ओला आणि जड असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

दोन्ही टीमचे लोक एकत्रच उभे असतात, मोठ्या स्टेडियमसारखं पोलिसांनी वेगळं केलेलं नसतं. म्हणून एक जुनी रीत इथे टिकलीय. आपली टीम ज्या गोलवर हल्ला करतेय त्या गोलमागे उभं राहायचं आणि हाफटाइमला सगळ्यांनी बाजू बदलायची. शे-दोनशे माणसं हातात चहाचे कप घेऊन मैदानाला वळसा घालतात आणि समोरून तेवढीच माणसं येत असतात. जत्रेत पालखीच्या वाटेवर होते तशी ही गर्दी, टोमणे मारत, धक्के चुकवत. त्या चालण्यात सामील व्हा. मधे अडून उभं राहू नका.

दुसऱ्या अर्ध्यात डगआउटजवळ, म्हणजे प्रशिक्षक आणि राखीव खेळाडू बसतात तिथे, जा, पण फार जवळ नको. प्रशिक्षक काय बोलतोय ते सगळं ऐकू येतं, त्यातलं निम्मं इथे छापता येणार नाही.

चेंडू कुंपणापलीकडे गेला तर तो आणायला कुणीतरी पळतं. तुमच्याकडे आला तर खेळाडूला परत द्या, हातानं. पायानं मारायचा मोह मला झाला होता. चेंडू डावीकडे गेला, मी उजवीकडे, आणि छपराखालून टाळ्या पडल्या.

पाय, बोव्हरिल आणि आपली पथ्यं

मराठीत ‘पाय’ खाल्ला म्हटलं की घरी आईला वेगळंच वाटतं, तेव्हा फोनवर जपून. स्कॉच पाय म्हणजे मुठीएवढा गोल, कडक पारीचा, आत खिम्यासारखं मिरी घातलेलं मटण किंवा बीफ. पारीची कड झाकणापेक्षा वर आलेली असते, त्या खळग्यात ब्राउन सॉस ओतायचा. ताजा असेल तर पहिल्या घासाला आतला गरम रस बाहीतून कोपरापर्यंत येतो, म्हणून पुढे वाकून खायचा, वडापावच्या गाडीपाशी उभे राहतो तसं.

बीफ खात नसाल तर आत काय आहे ते विचारा. विचारण्यात काही वावगं नाही, आणि नुसतं "लँब आहे का?" असं न विचारता "बीफ आहे का?" असंच विचारा, कारण बरेचदा दोन्ही मिसळलेलं असतं. बोव्हरिलबद्दल मात्र विचारायचीही गरज नाही. तो एका स्कॉटिश खाटकानं एकोणिसाव्या शतकात काढलेला गोमांसाचा अर्क, गरम पाण्यात ढवळून देतात. थंडीत सगळ्यांच्या हातातला तपकिरी वाफाळता कप चहाचा असेल असं धरून मी एकदा मागून घेतला होता. वास आल्यावर शेजारच्याला देऊन टाकला, तो खूश.

शाकाहारी माणसानं मॅकरोनी पाय विचारावा, चीज-मॅकरोनी भरलेला. असला तर नशीब, नसला तर चिप्स, चॉकलेट आणि चहा. चहा कागदी कपात, पिशवी आतच, साखर आपली आपण. चतुर्थीला मॅच आली तर मी सरळ राजगिऱ्याचे लाडू खिशात घालून जाते. खांबवाल्या गृहस्थांना एक दिला होता. त्यांनी तो बराच वेळ चघळला आणि "ओट्सचा नाही?" एवढंच विचारलं.

खिडकीपाशी हाफटाइमच्या पाच मिनिटं आधीच जाऊन उभं राहा. शिट्टी वाजल्यावर गेलात तर पायही संपतो आणि उत्तरार्धाची सुरुवातही हुकते.

दारूचं म्हणाल तर, मोठ्या मैदानांवर प्रेक्षकांना ती १९८०च्या कप फायनलमधल्या दंगलीपासून बंद आहे. छोट्या क्लबांचा स्वतःचा बार किंवा सोशल क्लब बऱ्याचदा असतो. ग्लास बाहेर न्यायचा की नाही ते तिथे लिहिलेलं असतं, नसेल तर विचारा.

काय ओरडायचं, काय नाही

इथली बोली पुस्तकातली इंग्रजी नव्हे. मैदानाला पार्क म्हणतात, म्हणून "गेट इट अप द पार्क!" म्हणजे चेंडू पुढे हाण. "गॉन यरसेल!" म्हणजे शाब्बास रे पठ्ठ्या. "हॉ, रेफ!" नं सुरू होणारं वाक्य पंचांच्या डोळ्यांवर, आईवर किंवा चष्म्याच्या दुकानावर संपतं. "मॉन द बॉट!" ही टॅलबटची आरोळी, एवढी एक पाठ केलीत तरी चालेल. आणि बायकांना कुणी "हेन" म्हणालं तर कोंबडी म्हटलं म्हणून रागावू नका. ते आपल्याकडच्या "बाय माझी"सारखं आहे.

शिव्या भरपूर असतात. पहिल्या मॅचला माझ्या शेजारी लोकरीची टोपी घातलेल्या एक आजी होत्या, नातवासाठी थर्मासमधून सूप ओतून देत होत्या. लाइन्समननं ऑफसाइडचा झेंडा वर केला. आजींनी थर्मासचं झाकण नीट फिरवून लावलं, पिशवीत ठेवलं, कठड्यावर दोन्ही हात टेकले आणि त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग वळून नातवाला म्हणाल्या, "गरम आहे, फुंकून पी."

तुम्ही शिव्या द्यायची गरज नाही. नवख्याच्या तोंडी त्या उसन्या वाटतात.

बाईमाणसानं एकटीनं जावं का? मी जाते. पोरं, आजोबा, बायका, कुत्री सगळी असतात. रंगावरून मला अजून कुणी काही बोललेलं नाही. बघितलं मात्र सगळ्यांनी, पहिल्या दिवशी तरी. दोनेकशे ओळखीच्या चेहऱ्यांत नवा चेहरा लपत नाही, मग तो एडिनबर्गचा असो की इचलकरंजीचा. प्रश्न येतो तोही ठरलेला: "कुठून आलीस?" त्याचं उत्तर "इंडिया" दिलं की विषय संपतो. "कोल्हापूर, तिथे पेठापेठांच्या फुटबॉल टीम आहेत" म्हटलं की विषय सुरू होतो. भारतातल्या फुटबॉलच्या ड्युरँड कपाची गोष्ट तिथे पहिल्यांदा मीच सांगितली: १८८८ साली सिमल्यात तो पहिल्यांदा जिंकला रॉयल स्कॉट्स फ्युझिलिअर्सनी, म्हणजे याच एअरशरच्या पलटणीनं. खांबवाले म्हणाले, "मग परत कधी देणार?"

एवढं लांब जायचं नसेल तर

ग्लासगोतल्या ग्लासगोत पोलोक एफसी आहे, १९०८चा क्लब, काळे-पांढरे पट्टे. मैदान न्यूलँड्सफील्ड पार्क, शहराच्या दक्षिणेला, सेंट्रलवरून लोकलनं पोलोकशॉज ईस्टला उतरायचं. लीग तीच, चवही बरीचशी तीच, फक्त कोळशाची धूळ नाही. परतताना पोलोकशील्ड्सला ॲल्बर्ट ड्राइव्हवर मेथी, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या घेता येतात, हा फायदा ऑखिनलेकला नाही. पावसाळी शनिवारी मी प्रामाणिकपणे हाच पर्याय निवडते.

परत येताना, आणि दुसऱ्यांदा जाताना

शिट्टी वाजली की गाडीसाठी धावत सुटू नका, पण रेंगाळूही नका. पंचवीस मिनिटं हातात असतील तर सोशल क्लबमध्ये डोकावा. इतर मैदानांवरचे निकाल तिथे येत असतात आणि कोण कुणाकडून हरलं यावर लगोलग न्यायनिवाडा चालू असतो. गाडी चुकलीच तर प्लॅटफॉर्मवर गारठू नका, परत गावात जाऊन चिप्स घ्या.

पहिली मॅच साधी निवडा. दुसरी मात्र ऑखिनलेक विरुद्ध कमनॉक. दोन गावांमध्ये तीनेक किलोमीटरचं अंतर, एकमेकांत लग्नं झालेली, पोरं एकाच शाळेत, आणि या एका दुपारी बोलणं बंद. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांची मॅच ज्यांनी शाहू स्टेडियमवर बघितलीय त्यांना जास्त सांगायला नको. त्या दिवशी एक गाडी आधीची पकडा, रोख पैसे नक्की ठेवा, पाय खेळ सुरू व्हायच्या आधीच खाऊन घ्या. आणि काळा-सोनेरी मफलर गळ्यात असेल तर कमनॉकच्या बसस्टॉपवर उतरताना तो कोटाच्या आत घाला.